वॉचमनचा सत्कार करताना

सोसायटीत चोरीचा प्रयत्न होतो, वॉचमन सावध असल्यामुळे तो फसतो आणि सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. दुपारपर्यंत कोणीतरी लिहितं, ‘मामांचा सत्कार करायला पाहिजे.’ सगळे ‘हो हो’ म्हणतात. रविवार ठरतो, पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, हार येतो, नारळ येतो. शालीसाठी सोलापूरकरांना हिंडावं लागत नाही. आपल्याकडे चादर आहे, तीही भौगोलिक मानांकन मिळालेली. फोटो निघतात, चहा होतो आणि विषय संपतो.

हेतूबद्दल शंका नाही. पण असे सत्कार जवळून पाहिले की एक गोष्ट खटकते. खुर्च्या सत्कारमूर्तीनंच मांडलेल्या असतात. अध्यक्षांचं भाषण रंगात येतं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजतो आणि खांद्यावरची नवी चादर सावरत तो गेट उघडायला धावतो. कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. बरेचदा त्यालाही नाही.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत बैठ्या घरांची जागा अपार्टमेंटनं घेतली, तसा गेटवरचा माणूस आपल्या रोजच्या जगण्यात आला. त्याचा मान कसा राखायचा याची रीत मात्र अजून बसलेली नाही. ती बसवायची तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागेल. वॉचमन चोराला ओळखून अडवत नाही. चोराच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. येईल त्या प्रत्येकाला तो विचारतो, कोण, कुठून, कोणाकडं. सगळ्यांना विचारतो म्हणूनच कधीतरी नको तो माणूस गेटवरच अडतो. ज्या सवयीचं आपण कौतुक करायला निघालो आहोत, तीच सवय आपल्या मेव्हण्यालाही दोन मिनिटं थांबवते. त्या दोन मिनिटांत आपण कोणाच्या बाजूनं बोलतो, यावर सत्कार खरा की देखावा हे ठरतं.

आधी घटना नीट समजून घ्या

‘मामांनी चोर पकडला’ एवढ्यावर कार्यक्रम ठरवू नका. समितीतल्या दोघांनी त्याच्याशी निवांत बोलावं, गेटवरचं रजिस्टर आणि सीसीटीव्हीचं चित्रण पाहावं. नेमकं काय दिसलं, कशावरून संशय आला, त्यानं कोणाला फोन केला, किती वाजता केला, हे लिहून काढावं. बहुतेक वेळा खरी हुशारी आपण समजतो तिथं नसतेच. पळणाऱ्याच्या मागं धावणं सगळ्यांना दिसतं. पण तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब लग्नाला परगावी गेलंय हे माहीत असल्यामुळे ‘तिसऱ्या मजल्यावर पार्सल आहे’ म्हणणाऱ्याला त्यानं खालीच थांबवलं, हे कोणी पाहिलेलं नसतं.

वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत 17 जून 1972 च्या रात्री फ्रँक विल्स नावाचा 24 वर्षांचा पहारेकरी गस्त घालत होता. एका दाराच्या कुलपावर त्याला चिकटपट्टी लावलेली दिसली. कामगारांनी लावली असेल म्हणून त्यानं ती काढून टाकली. पुढच्या फेरीत पट्टी पुन्हा जागेवर! त्यानं पोलिसांना फोन केला आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच घुसखोर सापडले. त्या धाग्यावरून सुरू झालेलं प्रकरण 1974 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत गेलं. विल्सनं मारामारी केली नाही, कोणाला पकडलंही नाही. मघाशी काढलेली पट्टी परत आलीय एवढं त्याच्या लक्षात आलं, आणि ते त्यानं वेळेवर कळवलं.

कौतुक करायचं ते या लक्ष ठेवण्याचं. धाडसाची गोष्ट वेगळी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्याच रात्री वीरमरण आलेले आणि अशोकचक्रानं गौरवलेले अशोक कामटे आधी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. त्यांची आठवण इथं अजून निघते. पण ते पोलीस होते. तुटपुंज्या पगारावर रात्र जागणाऱ्या साठीच्या माणसाकडून आपण तशा धाडसाची अपेक्षा धरू नये आणि सत्काराच्या भाषणातून तशी भरही घालू नये. ‘पुढच्या वेळी दोघांना लोळवा, मामा’ हे वाक्य टाळ्या मिळवतं आणि एखाद्या रात्री त्याचा जीव घेऊ शकतं. बघणं, विचारणं, गेट बंद ठेवणं, सगळ्यांना जागं करणं आणि 112 लावणं एवढं त्याचं काम. तेच मोठं आहे.

चोराला चोप दिला असेल तर

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 40 नुसार आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो; मात्र विनाकारण वेळ न दवडता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. मारण्याचा अधिकार त्यात कोणालाही नाही. रहिवाशांनी चोराला खांबाला बांधून हात साफ केले असतील, तर त्याचं वर्णन भाषणात आणि मानपत्रात रंगवणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार करणं. त्यात वॉचमनही विनाकारण अडकतो.

त्याला विचारा

हा टप्पा बहुतेक समित्या गाळतात. सत्कार हवा का, कसा हवा, फोटो चालेल का, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा. दहा जणांसमोर विचारलंत तर तो ‘तुम्ही म्हणाल तसं साहेब’ एवढंच म्हणणार.

फोटोचा प्रश्न नुसत्या लाजेचा नसतो. गुन्हा दाखल झाला असेल तर तो उद्याचा साक्षीदार असतो. आरोपी जामिनावर सुटून त्याच शहरात फिरत असतो, आणि आपला माणूस रात्री दोन वाजता गेटवर एकटा. अशा वेळी त्याचं नाव, चेहरा, राहण्याची वस्ती यांची फेसबुकवर जाहिरात करू नये. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली आहे. नव्या संहितेच्या कलम 398 नं तशी योजना करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. धमकी आली तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि तो अर्ज वॉचमनच्या नव्हे, सोसायटीच्या नावानं द्या. तपास चालू असेपर्यंत घरगुती कार्यक्रम करा, फोटो ग्रुपपुरताच ठेवा, आरोपीचं नाव कोणी घेऊ नये. माइक हातात देऊन ‘सांगा मामा, काय झालं होतं’ असंही करू नका. तिथं उत्साहात बोललेलं एखादं वाक्य जबाबाशी जुळलं नाही, तर कोर्टात उलटतपासणी त्याची होते, आपली नाही.

तो एजन्सीचा माणूस असेल तर एजन्सीलाही पत्र द्या. चांगला माणूस दिसला की त्याची दुसऱ्या साइटवर बदली करायची अनेक एजन्सींची पद्धत असते. ‘आम्हाला हेच हवेत’ हे कागदावर असलेलं बरं.

द्यायचं काय

चादर जरूर द्या. सोलापुरात तो मान आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. बक्षिसाच्या रकमेचा समितीच्या सभेत ठराव करा आणि रक्कम थेट त्याच्या बँक खात्यात जमा करा. ऐच्छिक वर्गणी काढली तर एकूण आकडा सांगा; कोणी किती दिले याची यादी फलकावर लावू नका. ही रक्कम दिवाळीच्या बोनसमध्ये वळती करायची नाही आणि एजन्सीनंही पगारात धरायची नाही, असं ठरावातच लिहा.

नवा गणवेश द्यायचा विचार असेल तर सांभाळून. खासगी सुरक्षा एजन्सीसंबंधीच्या 2005 च्या कायद्यातील कलम 21 नुसार एजन्सीच्या रक्षकानं लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा पोशाख घातला तर त्याला आणि एजन्सीच्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हौसेनं खांद्यावर लावलेले तारे त्यालाच महागात पडतील.

त्याला वर्षभर उपयोगी पडेल ते निवडा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 42-43 अंशांपर्यंत चढतो, आणि गेटवरची केबिन बहुतेक ठिकाणी पत्र्याची असते. तिथं पंखा, पाण्याचा माठ, पाठीला टेकू देणारी खुर्ची, चांगली टॉर्च, पावसाळ्यासाठी रेनकोट आणि बूट यांचा उपयोग होतो. भिंतीवरच्या घड्याळाचा आणि स्टीलच्या डिनर सेटचा होत नाही.

विम्याकडेही लक्ष द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त 20 रुपये आहे. 18 ते 70 वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वय 50 च्या आत असेल तर 436 रुपयांत जीवन ज्योती विमाही काढता येतो. दोन्ही हप्ते खात्यातून परस्पर वळते होतात. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक आहे का, एवढं कोषाध्यक्षांनी पाहावं. दोन्ही मिळून पाचशे रुपयांच्या आत होतात. हाराला आणि फ्लेक्सला आपण त्याहून जास्त घालतो.

कार्यक्रमाचा दिवस

वेळ त्याच्या सोयीची धरा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी अकराला उभं करणं म्हणजे शिक्षाच. पाणी येण्याचा दिवस टाळा. सोलापुरात त्या दिवशी कोणाचंच चित्त ठिकाणावर नसतं. त्याच्या घरच्यांना बोलवायला समितीतल्या कोणीतरी जावं. निरोप त्याच्यामार्फतच पाठवू नये. बायको-मुलांच्या खुर्च्या पुढच्या रांगेत असाव्यात. गेटवर तेवढ्या वेळापुरता बदली माणूस बसवा. तो मिळाला नाही, तर समितीतल्या एखाद्यानं तासभर बसावं. त्या तासात किती जण ‘मी इथंच राहतो, ओळखत नाही का?’ म्हणून अंगावर येतात, तेही त्याला कळेल.

भाषणं दोन पुरेत. एकात घडलं ते सांगावं, दुसऱ्यात सोसायटी पुढं काय करणार ते. ‘छोट्या माणसाचं मोठं मन’, ‘गरीब असूनही प्रामाणिक’ अशी वाक्यं मोह झाला तरी टाळा. प्रामाणिकपणाचं आश्चर्य वाटलं असं आपण त्याच्या मुलांसमोर सांगत असतो.

मानपत्र साधं आणि नेमकं असावं. नमुना असा:

‘श्री. ______ यांस, स.न. वि.वि. दि. ______ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास बी विंगच्या मागील भिंतीजवळ आपणांस अनोळखी हालचाल दिसली. आपण मागचे दिवे लावले, शिट्टी वाजवून रहिवाशांना जागे केले आणि 112 क्रमांकावर कळवले. त्यामुळे कोणाच्याही जिवास किंवा मालमत्तेस धक्का लागला नाही. आपण गेटवर प्रत्येकाची चौकशी करता, हा नियम आम्हां सर्वांच्या हिताचा आहे, हे आम्ही जाणतो. सोसायटी आपली आभारी आहे.’

खाली सोसायटीचा शिक्का, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, तारीख. उद्या दुसरीकडे नोकरी मागताना हाच कागद त्याच्या कामाला येतो; म्हणून ‘कर्तव्यदक्ष, निष्ठावान, धाडसी’ अशा विशेषणांपेक्षा त्यानं केलेल्या तीन गोष्टी त्यात लिहिलेल्या बऱ्या. आणि भाषेचा विचार करा. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू घराघरांत आहे. त्याला मराठी वाचता येत नसेल तर सोसायटीतल्याच कोणाकडून त्याच्या भाषेतली प्रत लिहून घ्या. घरी गेल्यावर बायकोला वाचून दाखवता येईल असा कागद हवा.

पोलिसांकडून शाबासकी

सोसायटीच्या लेटरहेडवर आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना अर्ज करा. आपण फौजदार चावडीच्या हद्दीत येतो की विजापूर नाक्याच्या, एमआयडीसीच्या की सलगर वस्तीच्या, हे आधी बघून घ्या. अर्जात तारीख, गुन्हा नोंद क्रमांक आणि वॉचमननं केलेली कृती एवढंच असावं. प्रत शहरात पोलीस आयुक्तांना, शहराबाहेर ग्रामीण पोलीस अधीक्षकांना द्या. खाकी वर्दीच्या हातून मिळालेल्या प्रशस्तिपत्राचं वजन वेगळं असतं.

आग, पूर, विजेचा धक्का अशा प्रसंगी त्यानं जीव धोक्यात घालून कोणाचा प्राण वाचवला असेल, तर केंद्र सरकारची जीवन रक्षा पदकं आहेत. ती 1961 पासून दिली जातात. प्रस्ताव राज्य शासनामार्फत जातो. सुरुवात जिल्हाधिकारी कार्यालयापासून करा आणि घटनेनंतर फार दिवस जाऊ देऊ नका.

गुन्ह्याचा खटला उभा राहिला तर तारखांना हजर राहावं लागतं. त्या दिवसांचा पगार कापणार नाही आणि येण्या-जाण्याचा खर्च सोसायटी देईल, हे त्याला आधीच सांगा. तारखेला जाणं परवडत नाही म्हणून कोणाला साक्ष टाळावी लागू नये.

सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून

त्या फ्रँक विल्सचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. वर्तमानपत्रांत नाव झालं, गौरव झाला, वॉटरगेटवरच्या 1976 च्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ या चित्रपटात त्यानं स्वतःचीच भूमिका केली. त्या रात्री त्याचा पगार होता आठवड्याला 80 डॉलर. पुढं त्याला धड कायमची नोकरी लाभली नाही आणि 2000 मध्ये, 52 व्या वर्षी, तो गरिबीत वारला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीच त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. पण टाळ्यांच्या पुढचं कोणी ठरवलंही नव्हतं.

म्हणून चार गोष्टी ठरवून टाका. पहिली, कामाचे तास. बारा तासांची सलग ड्युटी आणि आठवड्याची सुट्टी नाही, हा आपल्याकडचा रिवाज झालाय. दहाव्या-अकराव्या तासाला कोणाचंही लक्ष उडतं आणि चोराला नेमकी तीच वेळ सोयीची. मेंटेनन्स थोडा वाढवून तिसरी पाळी किंवा निदान साप्ताहिक सुट्टीचा बदली माणूस ठेवता येतो का, याचा हिशेब मांडा. किमान वेतनाचे चालू दर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यासाठी 1981 पासून स्वतंत्र कायदा आहे, हेही समितीला माहीत असावं.

दुसरी, प्रशिक्षण. केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत रक्षकासाठी 100 तासांचं वर्गातलं आणि 60 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण धरलं होतं. एजन्सीला विचारा, आमच्या माणसाला यातलं किती मिळालं? परवाना आणि रक्षकाचं ओळखपत्र पाहायला मागा.

तिसरी, बिनकामाची कामं. पाणी येण्याच्या रात्री व्हॉल्व्ह सोडायला कोण जातं? मोटर कोण लावतं? गाड्या कोण पुसतं, किराण्याच्या पिशव्या वर कोण पोचवतं? या सगळ्याचं उत्तर वॉचमन असेल, तर तेवढा वेळ गेट मोकळं असतं. नळाच्या दिवशी अख्खी इमारत बादल्या-टाक्यांच्या नादात असते आणि मागच्या बाजूला कोण आलं-गेलं हे कोणी पाहत नाही. व्हॉल्व्ह आणि मोटरसाठी वेगळा माणूस लावा, नाहीतर रहिवाशांत पाळी लावा. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आणि मे महिन्यात घरं कुलूपबंद असतात. परगावी जाताना त्याला कळवून जा आणि त्या दिवसांत रात्रीची एक जास्तीची फेरी ठरवून द्या. तिचे पैसेही.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण तिला खर्च नाही. तो विचारेल तेव्हा आपण थांबायचं. रजिस्टरवर पाहुण्यांनी नाव लिहायचं, आमदारांच्या ओळखीच्यानंही लिहायचं. ‘ए वॉचमन, गेट उघड बे’ असं एखाद्या पोरानं म्हटलं तर त्याच्या आईबापांनी तिथल्या तिथं त्याला टोकायचं. एखाद्या रहिवाशानं तक्रार केली की ‘माझ्या साडूला अडवलं’, तर सचिवांनी वॉचमनला बोलावून झापायचं नाही. तक्रारदाराला सांगायचं की त्याला तसंच सांगितलेलं आहे. एकदा का बड्या माणसाला अडवल्याबद्दल बोलणी खाल्ली, की पुढच्या वेळी गाडी मोठी, कपडे कडक आणि आवाज चढा असला की तो गेट उघडून मोकळा होतो. हे चोरालाही ठाऊक असतं. मळक्या कपड्यांत, बिचकत आत शिरणारा चोर आता सिनेमातही उरलेला नाही.

सभेपुढे ठेवायचा ठराव

सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. विषयपत्रिकेत हा विषय घालायला सांगा. ठराव चार ओळींचा पुरे: सुरक्षा रक्षकाला साप्ताहिक सुट्टी आणि बदली माणूस, विम्याचे हप्ते सोसायटीकडून, सुरक्षेखेरीजची कामं त्याच्याकडे न देणं, आणि प्रवेशाच्या नियमाला कोणाही सभासदाचा किंवा पाहुण्याचा अपवाद नाही.

सत्कार त्याच सभेत, ठराव मंजूर झाल्यावर करा. मग शेवटच्या ओळीचा मोठ्या अक्षरांत फलक करून गेटवर लावा: ‘इथे प्रत्येकाची चौकशी होते. सुरक्षा रक्षक सोसायटीच्या ठरावाप्रमाणे काम करतात.’ खाली अध्यक्षांची सही असू द्या. उद्या कोणी आवाज चढवला, तर त्याला नुसतं त्या फलकाकडे बोट दाखवता आलं पाहिजे.